बालाघाटावरील एका वाडीची माहिती लिहायची आहे: लोकसंख्या कोणत्या दिवसाची धरावी?

प्रश्न: डोंगरपट्टा (पाटोदा, जि. बीड)

सर्वांना नमस्कार. आमची वाडी पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या पठारावर आहे. मुख्य गाव पायवाटेने तीन किलोमीटरवर आहे, पण डांबरी रस्त्याने जायचे तर हे अंतर जवळजवळ दुप्पट होते. वाडीत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. तिथल्या गुरुजींनी शाळेच्या भिंतीवर लिहिण्यासाठी ‘आपली वाडी’ या मथळ्याखाली दहा ओळींचा मजकूर माझ्याकडे मागितला. क्षेत्रफळ, चतुःसीमा, लोकसंख्या, ओढे आणि पिके एवढेच त्यात हवे आहे. दहाच ओळी म्हणून मी होकार दिला. आता दोन महिने होत आले तरी त्यातल्या तीन ओळी अडूनच आहेत.

पहिली अडचण अशी की २०११ च्या जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यांमध्ये आमच्या वाडीचे नावच नाही. मुख्य गावाचा आकडा मिळतो आणि त्यात आम्ही मिसळलेले आहोत, एवढेच कळते.

दुसरी अडचण मोठी आहे. मी स्वतः घरोघर फिरून माणसे मोजली. पोळ्याच्या आठवड्यात ४३ उंबरे आणि २१२ माणसे भरली. संक्रांतीच्या दिवशी पुन्हा फिरलो, तेव्हा १९ उंबरे उघडे होते, बाकीच्यांना कुलूप होते आणि वाडीत ६८ माणसे होती. उरलेले सगळे ऊसतोडीला गेलेले होते. दोन्ही वेळा मी सारख्याच काळजीने मोजले आहे. मग भिंतीवर कोणता आकडा लिहावा? मोठा लिहिला तर वर्षातले जवळजवळ पाच महिने तो खोटा ठरतो, आणि लहान लिहिला तर ज्यांची घरे, शेते आणि कुलदैवते इथेच आहेत, त्यांना आपण वाडीतून वजा केल्यासारखे होते.

तिसरी अडचण भूगोलाची आहे. वाडीच्या पाठीमागे एक लांब धार आहे आणि जुनी माणसे सांगतात की त्या धारेवर पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. एका अंगाचे पाणी आमच्या ओढ्याला येते आणि दुसऱ्या अंगाचे पलीकडे उतरते. हे पाणी शेवटी कोणत्या नदीला मिळते याची तीन वेगवेगळी उत्तरे मला मिळाली आहेत. शिवाय वाडीची स्वतंत्र शीव कुठे नोंदलेली असते की नाही, हेही कुणी सांगितले तर उपकार होतील. मुले रोज पाहणार आहेत ती ही भिंत आहे, त्यामुळे अंदाजाने काही लिहावे असे वाटत नाही.

उत्तर: जुना प्रगणक (बीड)

भाऊ, मी प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालो. १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणनांमध्ये मी प्रगणक होतो, आणि त्यांपैकी दोन वेळा माझ्याकडे डोंगरपट्ट्यातल्या वाड्या होत्या. तुमच्या पहिल्या दोन्ही अडचणी मी पायांनी चाललेलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

जनगणनेच्या दृष्टीने ग्रामीण भागात ‘गाव’ म्हणजे महसुली गाव. ज्या मौजाचा स्वतंत्र नकाशा, स्वतंत्र गट क्रमांक आणि स्वतंत्र महसुली दप्तर आहे, त्याच मौजाला जनगणनेत संकेतांक मिळतो आणि त्याचीच ओळ छापली जाते. मग त्या मौजात एकही माणूस राहत नसला तरी चालते. म्हणूनच जनगणनेच्या पुस्तकांत बेचिराख गावांच्याही ओळी सापडतात, तिथे क्षेत्रफळ असते आणि लोकसंख्येच्या रकान्यात काही नसते. याउलट दोनशे माणसांची नांदती वाडी महसुली गाव नसेल, तर तिला ओळ मिळत नाही. प्रगणकाला काम देताना मोठ्या गावाचे गणना गट पाडतात आणि बऱ्याचदा एखादी वाडी हाच एक गट किंवा त्याचा भाग असतो, त्यामुळे त्या वेळी तुमच्या वाडीची मोजणी वेगळी झालेली असण्याची शक्यता आहे. मात्र गटवार आकडे गावाच्या पुस्तकात छापले जात नाहीत. तेव्हा २०११ चा वाडीचा आकडा शोधण्यात आणखी वेळ घालवू नका.

आता दुसरी अडचण. २०११ ची लोकसंख्या मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची नोंद झाली, १ ते ५ मार्च फेरतपासणीची फेरी झाली आणि संदर्भक्षण १ मार्चचा शून्य तास हा धरला गेला. नियम असा होता की जो माणूस या संपूर्ण काळात आपल्या नेहमीच्या ठिकाणी नसेल, त्याला तिथे न मोजता तो जिथे सापडेल तिथे मोजायचे. नियमात खोट नाही, कारण एक माणूस दोनदा मोजला जाऊ नये यासाठी तो आहे. पण आपल्या जिल्ह्यातून ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळपाचा हंगाम संपल्यावर, पाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत परत येतात. म्हणजे फेब्रुवारीचा महिना नेमका त्यांच्या गैरहजेरीच्या पोटात येतो. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, केज, वडवणी या पट्ट्यातली कितीतरी माणसे सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या उसाच्या फडांवर किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात, कोपीमध्ये (तात्पुरत्या झोपडीत) मोजली गेली. तीही मोजली गेली असतील तर. मोजणाऱ्याला तिथल्या गावातल्या कोप्या दाखवणारा कुणी भेटला नसेल, तर ती माणसे कुठेच आली नाहीत, ही शंका माझ्या मनातून आजही गेलेली नाही.

२०१० च्या उन्हाळ्यात घरयादीसाठी मी एका वाडीत गेलो होतो, तेव्हा अंगणात बाजा टाकलेल्या होत्या, पोरे ओट्यावर खेळत होती आणि प्रत्येक घरात चहा होत होता. पुढच्या फेब्रुवारीत त्याच घरांसमोर मी उभा राहिलो तेव्हा दाराला कुलूप आणि ओट्यावर म्हातारी. ‘समदी कारखान्याला गेलीत, गुरुजी,’ एवढेच ती सांगायची. मी नियमाप्रमाणे तिची एकटीची नोंद केली. एकाच वाडीची घरे एका फेरीत नांदती लिहिली गेली आणि माणसे दुसऱ्या फेरीत गळाली.

हा केवळ भिंतीवरच्या मजकुराचा प्रश्न नाही. ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या शेवटच्या जनगणनेच्या लोकसंख्येवर ठरते. १५०० पर्यंत ७ सदस्य, १५०१ ते ३००० पर्यंत ९ सदस्य, असे ते वाढत जाते आणि प्रभागही त्याच आकड्यावर पाडले जातात. आगामी जनगणनेचा संदर्भ दिवसही १ मार्च २०२७ हाच ठरलेला आहे. त्यामुळे हंगामाची ही अडचण पुन्हा येणार आहे, आणि आपल्या टोळ्यांनी फडावर स्वतःची नोंद आग्रहाने करून घेतली पाहिजे. टोळ्या नेणाऱ्या मुकादमांनी ही जबाबदारी मनावर घ्यावी असे मला फार वाटते.

तुमच्या भिंतीसाठी माझे मत असे आहे की दोन्ही आकडे तारखेसह लिहावेत. तारीख नसलेली लोकसंख्या मी माझ्या विद्यार्थ्यांकडूनही कधी चालवून घेतली नाही. आणखी एक सूचना. तुम्ही उंबरे मोजले आहेत, पण जनगणनेत कुटुंब धरताना एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे एक कुटुंब धरतात. एका माळवदाखाली दोन भावांच्या दोन चुली असतील तर ती दोन कुटुंबे होतात. तेव्हा पुढच्या फेरीत चुलीही मोजा.

उत्तर: सेविका (केज)

गुरुजींनी लिहिलेले सर्व मला मान्य आहे. मी अंगणवाडी सेविका आहे. अशाच एका वाडीचे कुटुंब सर्वेक्षणाचे रजिस्टर माझ्या हातात असते, म्हणून दोन गोष्टींची भर घालते.

दादा, संक्रांतीच्या दिवशी वाडीत जी ६८ माणसे तुम्हाला दिसली, ती कोण होती हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि माझ्या मते माहितीचा गाभा तिथेच आहे. माझ्या वाडीत त्या दिवसांत साठीच्या पुढची माणसे असतात, त्यांच्यापाशी ठेवलेली शाळेची मुले असतात, थोडी बागायत असलेली किंवा नोकरीची चार-पाच घरे असतात, आणि नुकतीच बाळंत झालेली एखादी सून असते. कामाच्या वयाची माणसे जवळजवळ नसतात. मुकादम माणसे मोजत नाही, तो कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल (आगाऊ रक्कम) त्याच हिशोबाने मिळते, म्हणून बाईला मागे राहता येत नाही, आणि तिच्या अंगावरचे मूल तिच्यासोबत फडावर जाते. त्यामुळे हिवाळ्यात माझ्या अंगणवाडीत तीन ते सहा वयाची काही मुले आजीसोबत उरतात, पण तान्ही मुले रजिस्टरमध्ये असतात आणि वाडीत नसतात. त्यांचे वजन आणि लसीकरण यांचा माग ठेवताना फार ओढाताण होते. शाळेच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह सुरू झाले त्या वर्षी आमच्या वाडीत जास्त मुले थांबली, हेही मी पाहिले आहे. म्हणजे हिवाळ्यातला आकडा दरवर्षी एकसारखा नसतो. पाऊस चांगला झाला आणि तूर-कापूस हाती आला, तर काही घरे जातच नाहीत.

दुसरी गोष्ट स्त्री-पुरुष प्रमाणाची. शाळेच्या फलकावर पुष्कळदा दर हजार पुरुषांमागे स्त्रिया असे प्रमाण लिहितात. ते तुम्ही लिहू नका. बीड जिल्ह्याचे ० ते ६ वयोगटातील प्रमाण २००१ मध्ये हजार मुलांमागे ८९४ मुली होते आणि २०११ मध्ये ते ८०७ पर्यंत खाली आले. जिल्ह्यासाठी या आकड्याला अर्थ आहे, आणि तो आपल्या सर्वांना झोप येऊ न देणारा आहे. पण ज्या वाडीत त्या वयाची वीस-बावीस मुले आहेत, तिथे एका घरात जुळ्या मुली झाल्या तरी प्रमाण शेकड्याने हलते. म्हणून लहान वस्तीत हजारी प्रमाण काढू नये, सरळ किती मुलगे आणि किती मुली आहेत ते लिहावे. मुलींनी भिंतीवर स्वतःला मोजून पाहिले तर त्यांना तो आकडा खरा सापडला पाहिजे.

शक्य असेल तर वर्षातून चार वेळा मोजा: आषाढात पेरण्या उरकल्यावर, पोळ्याला, मार्गशीर्षात आणि माघात. आमच्या आशाताई आणि मी मिळून हे दोन वर्षे करतो आहोत. वाडी लहान असल्यामुळे एका दुपारी काम होते.

उत्तर: पाणलोट (छत्रपती संभाजीनगर)

लोकसंख्येबद्दल वरील दोघांनी सांगितलेच आहे, मी भूगोलापुरते लिहितो. पाणलोट विकासाच्या कामानिमित्त मी पाटोदा आणि आष्टी तालुक्यांत बरीच वर्षे फिरलो आहे.

तुमच्या जुन्या माणसांनी सांगितलेली गोष्ट खरी असण्याची दाट शक्यता आहे, आणि तुम्हाला मिळालेली तिन्ही उत्तरेही आपापल्या जागी बरोबर असू शकतील. पाटोदा तालुका हा पाण्याच्या वाटणीचा प्रदेश आहे. मांजरा याच तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते, मग आधी बीड जिल्ह्याच्या कडेकडेने आणि पुढे लातूरमार्गे लांबचा वळसा घेऊन तेलंगणाच्या सीमेवर कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. सिंदफणाही याच तालुक्यातल्या डोंगरांत उगम पावते, पण ती उत्तरेला उतरून माजलगाव तालुक्यात मंजरथजवळ गोदावरीत जाते. सौताड्याच्या धबधब्याची विंचरणा मात्र सीनेला मिळते, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. म्हणजे एकाच तालुक्यातल्या दोन शेजारच्या धारांवर पडलेल्या पावसापैकी एक गोदावरीतून जातो आणि दुसरा कृष्णेतून, आणि दोन्ही अखेरीस बंगालच्या उपसागरालाच मिळत असले तरी वाटा वेगळ्या आहेत. तुमची धार नेमकी कोणत्या दोन खोऱ्यांमधली आहे, हे वाडीचे नाव न कळता मी सांगणार नाही. ते तुम्ही स्वतः काढू शकता.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे एकास पन्नास हजार या प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे पाहा. पाटोद्याचा परिसर ४७ एन या मालिकेत येतो. त्यात दर २० मीटरला समोच्च रेषा असतात आणि ओढे निळ्या रेघांनी दाखवलेले असतात. वाडीचा ओढा शोधून तो कोणत्या मोठ्या ओढ्याला मिळतो, तो पुढे कुठे जातो, असे बोट ठेवत खाली उतरा. धारेच्या दोन्ही अंगांना हे केले की उत्तर हाती येते. चौथीच्या मुलांनाही हे शिकवता येते. पावसाळ्यात त्यांना धारेवर नेऊन दोन्ही बाजूंना वाहणारे पाणी दाखवले, तर नकाशा आयुष्यभर विसरणार नाहीत.

शिवेबद्दल: महसुली गाव नसेल तर वाडीला कागदोपत्री शीव नसते. गावनकाशात मुख्य गावाचे संपूर्ण शिवार आणि त्यातले गट दिसतात, गावठाण वेगळे दाखवलेले असते, आणि वाडी बहुधा कुणाच्या तरी गटात किंवा गायरानावर उभी असते. तेव्हा ‘वाडीचे क्षेत्रफळ’ असा शब्द वापरू नका. ज्या गटांमध्ये वाडीतल्या लोकांची वहिवाट आहे, त्यांचे क्षेत्र सातबारावरून बेरीज करून ‘वाडीतील शेतकऱ्यांची जमीन’ असे लिहा, आणि चतुःसीमा म्हणून ओढा, धार, पाणंद, पाझर तलाव अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा द्या. तुमच्या भागातले कितीतरी पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळी कामांतले आहेत. वाडीजवळ तसा एखादा असेल तर त्यावर खडी फोडलेली माणसे अजून भेटतील, त्यांना विचारून वर्ष नक्की करा.

जमिनीचे वर्णन करताना ‘काळी कसदार माती’ हे मराठवाड्याबद्दलचे ठरावीक वाक्य लिहू नका. ते गंगथडीला, म्हणजे गोदाकाठाला, शोभते. बालाघाटाच्या माथ्यावर वीतभर हलक्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो, आणि ओढ्याकाठच्या लवणातच काय ती भारी जमीन असते. विहिरीला पाणी असते ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. हा साठा उथळ आणि लहान असल्यामुळे पावसाळ्यात विहीर काठोकाठ दिसते आणि माघ-फाल्गुनात तळ दाखवते. तुमच्या वाडीतली माणसे दिवाळीनंतर का निघतात, याचे पुष्कळसे उत्तर या खडकात आहे. रब्बीला दोन पाणी देता आले असते तर निम्मी घरे थांबली असती, असे मला या कामाच्या अनुभवावरून वाटते.

उत्तर: तांडा (जिंतूर, जि. परभणी)

एक छोटी सूचना करतो. वाडीला जितकी नावे असतील तितकी सगळी लिहून ठेवा. आमचा तांडा आजोबांच्या काळात एका नाईकाच्या नावाने ओळखला जाई, पुढे दुसऱ्या नाईकाच्या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि शाळेच्या, मतदार यादीच्या व शिधापत्रिकेच्या कागदांवर तीन वेगळी नावे आहेत. निजामकाळातला एखादा कागद सापडलाच तर तो बहुधा उर्दूत असेल आणि त्यावरचे साल फसली (तेव्हाच्या महसुली कालगणनेचे) असेल. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. उद्या कुणी तुमच्या वाडीचे जुने दप्तर शोधू लागला, तर त्याला नावांची ही साखळी लागणार आहे.

उत्तर: औसेकर (औसा, जि. लातूर)

आमचे गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसवले गेले. जुन्या गावठाणात आता बाभळी आहेत, पण मारुतीचे मंदिर तिथेच आहे. त्यामुळे गावाचा पत्ता एका ठिकाणी आणि पारावरची जत्रा दुसऱ्या ठिकाणी अशी आमची स्थिती आहे. तुमची वाडी पूर्वी दुसरीकडे असेल, पाण्यासाठी किंवा रस्त्यासाठी सरकली असेल, तर जुनी जागा दिशा आणि अंतरासह नोंदवा. ती सांगू शकणारी माणसे फार काळ मिळत नाहीत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: डोंगरपट्टा

गुरुजी, ताई, आणि सर्व मंडळी, मनापासून आभार. औसेकरांचे वाचून मी वाडीतल्या एका नव्वदीच्या आजींना विचारले. वाडी पूर्वी ओढ्याच्या पलीकडे, सध्याच्या जागेपासून अर्ध्या मैलावर होती आणि आड आटल्यामुळे ती इकडे आली, हे मला आजवर ठाऊक नव्हते. जुन्या जागेवर पांढरीचा (जुन्या वस्तीच्या मातीचा) उंचवटा अजून दिसतो. काल दुपारी मी मुलांना घेऊन तो पाहून आलो.

नकाशावर बोट ठेवत उतरलो तेव्हा आमच्या ओढ्याचे पाणी मांजरेला आणि धारेपलीकडचे सिंदफणेला जाते असे दिसले. दोन्ही गोदावरीचीच, पण एक मंजरथला भेटणारे आणि एक कंदकुर्तीला.

चुली मोजल्या तेव्हा ४३ उंबऱ्यांत ५१ चुली निघाल्या. आता एकच शंका उरली आहे. पाच कुटुंबे पुण्याकडे कायमची स्थायिक झाली आहेत. ती फक्त यात्रेला येतात, पण त्यांची घरे उभी आहेत आणि मतदार यादीत नावेही आहेत. पोळ्याच्या मोजणीत मी त्यांना धरलेले नाही. हे बरोबर केले ना?

भिंतीसाठी लोकसंख्येच्या ओळी सध्या अशा केल्या आहेत: ‘पोळ्याच्या आठवड्यात वाडीत ४३ घरे, ५१ चुली आणि २१२ माणसे होती. संक्रांतीच्या दिवशी ६८ माणसे होती, त्यांत शाळेची मुले २३. बाकीची माणसे ऊसतोडीला गेली होती आणि ती अक्षय तृतीयेपर्यंत परत येतात.’

उत्तर: जुना प्रगणक

बरोबर केलेत. ती माणसे पुण्यात मोजली जातील. पण घरे उभी आहेत, म्हणून ‘पाच घरे बंद’ अशी नोंद वहीत ठेवा, आणि दोन्ही ओळींत वर्ष घालायला विसरू नका. रंगाऱ्याला सांगून आकड्यांची जागा खडूने लिहिता येईल अशी काळी ठेवून घ्या, म्हणजे मुलांना दरवर्षी मोजून नवा आकडा लिहिता येईल.